किल्ली सुरक्षित आहे

माहितीचं रक्षण हे कोणत्याही संस्थेचं पवित्र कर्तव्य असतं. या संस्थेला त्या कर्तव्याची आठवण झाली, कारण दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा तपासनीस येणार होता.

ग्राहक म्हणजे दातांच्या दवाखान्यांची एक साखळी. रुग्णांना वेळ देणारी त्यांची साइट ही कंपनी चालवायची. कंपनीचा सगळा कोड एका सामायिक साठ्यात असे. त्याला सगळे रेपो म्हणत. त्याच रेपोत, एका फाईलमध्ये, सगळ्या सर्व्हरचे पासवर्ड हातपाय पसरून पडलेले होते. कुणीही यावं, वाचावं, जावं.

"तिला कुलूप लावा," साहेब सुरक्षाप्रमुखांना म्हणाले.

सुरक्षाप्रमुख हे साहेबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साहेब त्यांना भावोजी म्हणत, म्हणून सगळं ऑफिसही म्हणे. खरेदी आणि जाहिरात ही खाती त्यांनी आधीच जमीनदोस्त केली होती.

"ताईला सांगून ठेवलंय मी, भावोजी. हे शेवटचं खातं. इथे काही झालं तर तुम्ही घरी."

भावोजींनी मन लावून काम केलं. फाईल एन्क्रिप्ट केली. म्हणजे अक्षरांचा असा चुरा केला की किल्लीशिवाय कुणाला ओ की ठो कळू नये. किल्ली म्हणजे वीतभर लांबीचा निरर्थक मजकूर. तो ठेवायचा कुठे? ऑफिसातली सर्वांत सुरक्षित जागा शोधताना उत्तर समोरच सापडलं. त्यांनी फाईल उघडली, किल्ली आत ठेवली, पुन्हा कुलूप लावलं आणि नियमाप्रमाणे आपल्या संगणकावरची किल्ली पुसून टाकली. मग समाधानाने घरी गेले.

सकाळी साइट बंद पडली.

"भावोजी, सर्व्हर चालू करायचाय. किल्ली द्या," प्रोग्रॅमरबाई म्हणाल्या.

"किल्ली सुरक्षित आहे."

"असेल हो. आहे कुठे?"

"फाईलमध्ये."

"कुठल्या?"

भावोजींनी बोट दाखवलं. बाईंनी आधी बोटाकडे, मग पडद्याकडे आणि शेवटी छताकडे पाहिलं.

"म्हणजे किल्ली काढायला किल्ली लागणार?"

"चोराचीही तीच पंचाईत होणार ना!"

साहेब धावत आले. "भावोजी, अहो, तुम्ही म्हणजे..." पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर होता, पण तो नात्यात बसत नव्हता.

भावोजींना किल्लीची सुरुवात आठवत होती, शेवटही आठवत होता. मधलं तेवढं आठवायचं राहिलं होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले असतानाच तपासनीस आला.

"साइट नंतर बघू," साहेब घाम पुसत म्हणाले. "आधी सुरक्षा बघा."

बैठकीच्या खोलीत भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरांचा चुरा झळकला.

"वा. हे कोण वाचू शकतं?" तपासनीसाने विचारलं.

"कुणीच नाही," प्रोग्रॅमरबाई म्हणाल्या. इतकं खरं उत्तर त्या कंपनीने आजवर कुठल्याच ग्राहकाला दिलं नव्हतं.

"तुम्ही लोकसुद्धा नाही?"

"आम्ही तर अजिबातच नाही."

तपासनीस खूश झाला. "आणि कुलूप लावायच्या आधी ही फाईल कशी दिसायची?"

"दाखवतो की!" आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी भावोजींच्या कामात रस घेतला होता. त्यांनी फाईलची कालची प्रत उघडली. रेपो जुनं काहीही फेकत नाही, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. घबराटीत कुणाला आठवलं नव्हतं, इतकंच.

भिंतभर पासवर्ड उजळले.

प्रोग्रॅमरबाईंनी मोबाइलवर फोटो काढला आणि पळत सुटल्या. तपासनीसाने चष्मा सारखा केला.

"अहो, हे मलाही दिसतंय."

"तुम्ही आपलेच," भावोजी म्हणाले. "तुमच्यापासून काय लपवायचं?"

साइट सुरू झाली. "पासवर्ड तेवढे बदला," असं सांगून तपासनीस गेला. साहेबांनी दार लावून घेतलं आणि बहिणीला फोन केला.

"ताई, भावोजींना आता घरी..."

"घरी? मागच्या खेपेला घरी होते तेव्हा माझं स्वयंपाकघर नीट लावून दिलं त्यांनी. मीठ मला अजून सापडलेलं नाही. ठेव फोन."

भावोजी सुरक्षाप्रमुखच राहिले. त्यांची फाईल अजूनही कुलूपबंद आहे. नवे पासवर्ड तिच्या शेजारच्या फाईलमध्ये आहेत. ती उघडीच असते, आणि तिच्याबद्दल भावोजींना कुणी सांगितलेलं नाही.