अंडं न खाणारे मन्मथअप्पा

मंगळवार, दहा तारीख, सकाळी नऊ. शेडवर हजर: अध्यक्ष सुमनबाई, खजिनदार रेहानाभाभी, सचिव म्हणून मी, चारशे कोंबड्या, आणि निरोप नऊचा दिलेला असताना आठपासूनच बाजेवर येऊन बसलेले मन्मथअप्पा.

अप्पांच्या प्रत्येक सदऱ्याच्या डाव्या खिशाला भोकं आहेत. एकही सदरा याला अपवाद नाही. त्या खिशात डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली असते आणि तिच्यात न्हाणीघर धुवायचं ॲसिड, पाणी घालून पातळ केलेलं. पांढरं काही दिसलं की अप्पा त्यावर एक थेंब सोडतात. झटकन फेस आला की कॅल्साइट. दगड गप्प बसला की डोलोमाइट. दोन्ही दिसायला सारखे, पांढरे, गोणीत भरले तर व्यापाऱ्यालाही न ओळखू येणारे. अप्पांच्या मते जगात एवढीच एक फसवणूक शोधण्यासारखी आहे.

उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. राजस्थानातून ट्रकनं कॅल्साइटची खडी येते, ती ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायला विकतात. अंड्याचं कवच त्यातूनच बनतं. त्याजागी डोलोमाइट गेलं तर त्यात मॅग्नेशियम असतं, कोंबडीला पातळ विष्ठा होते आणि कवच कागदासारखं होतं.

अप्पा स्वतः अंडं खात नाहीत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. आमच्या शेडवरचं पाणीसुद्धा घरून आणलेल्या तांब्यातलं पितात. पण अंडं पारखायचं तर रुमालात धरतात, दोन अंडी एकमेकांवर हलकेच टिचकवतात आणि कानाशी नेऊन आवाज ऐकतात. कुणी हसलं तर म्हणतात, "आतलं तुमचं, वरलं माझं."

या थेंबापायी त्यांनी बरीच माणसं दुखावली आहेत. कंधारला एका लग्नात त्यांनी कार्यालयाच्या नव्याकोऱ्या फरशीवर थेंब सोडला. फेस आला आणि फरशीवर रुपयाएवढा डाग पडला. कार्यालयाचा मालक म्हणाला, "अप्पा, अक्षता टाकायला बोलावलं होतं." अप्पा म्हणाले, "त्या पण टाकतो. पण संगमरवर असली हाय, मुबारक."

माझ्या दारातली रांगोळीही त्यांनी सोडली नाही. वाकून थेंब टाकला, बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या लक्ष्मीच्या पावलात निम्मं डोलोमाईट हाय." डॉक्टरांनी मला दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांतली एक त्यांनी दगडानं फोडून तपासली. ती पास झाली. "घेत जा," ते म्हणाले. "पण संध्याकाळी. कोंबडीला बी मी संध्याकाळीच सांगतो."

तर त्या मंगळवारी अप्पांना बोलावण्याचं कारण असं. आमचा बचत गट उदगीरच्या एका वसतिगृहाला अंडी देतो. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. मागचे दोन सोमवार दर ट्रेमध्ये पाच-सहा अंडी फुटून गेली. तिथल्या अधीक्षकांनी सांगितलं होतं, पुढच्या सोमवारी पुन्हा असं झालं तर दुसरीकडून घेऊ. मी कारणांची यादी केली होती: रस्ता, ट्रे, पाणी, रोगराई, खडी. पहिली चार खोडून झाली होती.

"माझी खडी?" अप्पा हसले. "न्हाई. ट्रक मी स्वतः उतरवून घेतला. थेंब टाकून."

"आमच्यासमोर टाका," सुमनबाई म्हणाल्या.

अप्पांनी गोणीतला एक खडा उचलला, बाजेच्या लाकडावर ठेवला आणि थेंब सोडला. मग आमच्याकडे बघून हात पसरला. "हे बघा. दूध उतू चालल्यावानी फेस."

आम्ही तिघी वाकून बघत होतो. खडा ओला झाला होता. बाकी काही नव्हतं.

रेहानाभाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या यादीकडे पाहिलं. सुमनबाईंना गप्प बसता येत नाही. "अप्पा, फेस कुठाय?"

"समोर हाय की."

"दगड नुसता ओला झालाय."

"तुमचीच नजर कमजोर हाय बाई," अप्पा म्हणाले आणि दुसरा थेंब टाकला. मग तिसरा. मग त्यांनी तो खडा उचलून अंड्यासारखा कानाशी नेला. बराच वेळ धरला. खडा खाली ठेवून चाकूनं त्याची थोडी भुकटी खरवडली, तिच्यावर थेंब टाकला आणि बाजेवरच वाकून कान लावला. आम्हाला वरून दिसत होतं: भुकटीवर एकेक बुडबुडा येत होता, आळसावल्यासारखा.

"हळू बोलून राहिलंय," अप्पा म्हणाले. "डोलोमाईट हाय."

ते बाजेवर बसले. "ट्रकवर बी थेंब टाकला होता मी. मला फेस दिसला होता." मग म्हणाले, "दिसला म्हंजी... दरवेळी येतोच. म्हणून दिसला."

असं किती दिवस चाललं होतं ते आम्ही विचारलं नाही. मी नवीन कागद घेतला आणि कामं वाटली. गोण्या परत. नवी खडी आजच्या आज, कॉलेजात तपासून. रोज संध्याकाळी खडी वेगळी द्यायची, कारण कवच रात्री बनतं. अप्पांनी प्रत्येक कामाला "हाव" म्हटलं आणि शेवटचं काम स्वतःकडे घेतलं.

दुपारपर्यंत नवी खडी आली, सोबत कॉलेजच्या प्राध्यापकांची सही असलेली चिठ्ठी. संध्याकाळी अप्पा एसटीनं आले. पुढचा आठवडाभर रोज आले. ओंजळीनं खडी घालत पिंजऱ्यांच्या रांगेतून फिरायचे आणि प्रत्येकीशी बोलायचे. "खा बाई, खा. माझी इज्जत तुझ्या पोटात हाय." एका कोंबडीनं त्यांच्या बोटाला चोच मारली, तर तिला म्हणाले, "मार. तुझा हक हाय."

सहाव्या दिवशी अंडी रुमालात घेऊन टिचकवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

सोमवारी रेहानाभाभी ऑटोतून दहा ट्रे घेऊन गेल्या. अप्पा दुकान बंद ठेवून शेडवर बसून होते. भाभी परत आल्या. "एकच फुटलं."

"कुणाचं?" अप्पा ताडकन उठले.

"माझं. उतरवताना हातातून पडलं."

"मग ते माझ्याकडं धरायचं न्हाई." ते परत बसले. अधीक्षकांचा निरोपही भाभींनी आणला होता. पुढच्या सोमवारीही पाठवा.

मी लगेच पुढचा विषय काढला. अप्पांसाठी डोळ्यांच्या दवाखान्यातली वेळ घेऊन ठेवली होती, त्यांचे डोळे आधी तपासून आणलेही होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन बुधवारी. मग आठ दिवस घरात, धूळ नको, दिवसातून चार वेळा थेंब.

अप्पांनी कारणं सांगितली. दुकान आहे. ट्रक यायचा आहे. अमावास्या आहे. सुमनबाई म्हणाल्या, "दुनियेच्या दगडावर थेंब टाकत हिंडता. स्वतःच्या डोळ्यात टाकायला काय झालं?"

"कोण टाकणार?"

अप्पांची बायको वारली त्याला चार वर्षं झाली. मुलगी हैदराबादला.

"पोरीला कळवलं तर दुकान मोडून घेऊन जाईल मला," अप्पा म्हणाले. "आन आठ दिवस घरात बसा म्हणता. संध्याकाळी शटर ओढलं की दुसऱ्या दिवशी ते वर करेपर्यंत मी कुणाशी बोलत न्हाई ताई. म्हणून तर हिंडत असतो. थेंब टाकला की माणूस थांबतं. वाकून बघतं. शिव्या का असंना, दोन गोष्टी बोलतं."



"चार वेळा ना?" रेहानाभाभी म्हणाल्या. "लिहा ताई."

मी चौकटी आखल्या. आठ दिवस, चार वेळा, बत्तीस चौकटी. सकाळ सुमनबाईंनी घेतली, कारण त्यांचं दूध नेणारा गाडीवाला रोज सकाळी अप्पांच्याच गल्लीत जातो. संध्याकाळ आणि रात्र भाभींची, त्या उदगीरलाच राहतात. दुपार माझी. अप्पांनी एक अट घातली: अंड्याचा हात चुलीला लागता कामा नये.

"आन डोळ्याला?" भाभींनी विचारलं.

अप्पांनी जरा विचार केला. "डोळ्याला चालतंय."

ऑपरेशन परवा आहे. बाटली मी त्यांच्या खिशातून काढून घेतली आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात "ॲसिड" लिहून ती दुकानातल्या कपाटात कुलपात ठेवली आहे. डोळ्यांचे थेंब वेगळ्या डबीत, माझ्याकडे. हैदराबादला फोन केला, दुकान मोडायचं नाही हे आधी बजावलं; मुलगी रविवारी येते म्हणाली. एकतीस चौकटींत नावं लिहून झाली आहेत. शनिवारी दुपारी कोंबड्यांना लस द्यायची आहे, आम्हा तिघींपैकी कुणालाच शेड सोडता येणार नाही.

शनिवार, दुपारी दोन. तेवढ्या चौकटीत अजून नाव लिहायचं आहे.