रईस कूलरवाल्यांच्या काचटाकीची मोहीम

हकीकत ऐसी की, चंद्रपूरच्या कोटाआत, जटपुरा वेशीपासून हाकेच्या अंतरावर, राजमान्य राजेश्री रईसमिया कूलरदुरुस्त, वाळ्याच्या ताट्यांचे जाणते, पंपांचे पारखी, अखंड घर्मालंकृत, यांनी काचटाकीचा मुलूख कैसा काबीज केला, ते वर्तमान साद्यंत लिहिले आहे. लिहिणार खुद्द रईसमियाच असल्याकारणे जेथे शौर्य जास्त दिसेल तेथे वाचणारांनी वजा करून घ्यावे. फजितीची कलमे मात्र घरच्या मंडळींनी तपासली आहेत, त्यांत काही गाळू दिले नाही.

पहिले स्वारीत मियांनी टाकी आणविली, नळाचे पाणी काठोकाठ भरिले, आणि मग त्याच सांजे सहा सोनेरी मासे आत सोडिले, कारण वीस वर्षे कूलरच्या टाक्या हाताखालून गेल्या, आम्हांस पाण्याचे कोणी काय शिकवावे, ऐसा दिमाख. पाणी दिसावयास आरशासारखे. चौथे दिवशी सहाही मासे उताणे. कन्या सायमा, उमर वर्षे नऊ, इणे ते मोगऱ्याच्या कुंडीत पुरिले, आणि मग बापाकडे न पाहता फर्मान काढिले, "अब्बा, आता मासे नोका आनू. तुमच्या हातून मरतेत." घाव वर्मी बसला. मियांस चार दिवस अन्न गोड लागेना.

मग मिया बल्लारपुरास गेले. तेथे पेपरमिलचे नोकर संघपालभाऊ, मियांचे शाळासोबती, यांचे घरी दहा वर्षांची टाकी. भाऊंनी मसलत दिली, "मासे नंतर गा! अगुदर पानी तयार कर. मासे घान करतेत, त्याचं जहर होते. ते जहर खानारे जंतू स्पंजात वाढाले महिना लागते. तवरिक टाकी रिकामीच चालव."

रमजानचा चाँद दिसला आणि मोहीम सुरू जाहली. मियांनी पाणी बादल्यांत दोन दिवस ठेवून नळाच्या औषधाचा वास घालविला, आणि मग जंतूंचे लष्करास रसद म्हणोन सुका झिंगा फडक्यात बांधून पाण्यात सोडिला, आणि तो ऐसा कुजला की शेजाऱ्यांनी खिडक्या लाविल्या. मिया नित्य काचनळीत टाकीचे पाणी घेऊन वर तपासणीच्या औषधाचे थेंब सोडीत. रंग हिरवा आला म्हणजे अमोनियाचा अंमल, पिवळा आला म्हणजे गनीम हटला. इफ्तारीस आलेले पाहुणे पुसत, मासे कुठी? मिया गंभीरपणे सांगत की तूर्त फौज जमवितो आहे, ती डोळ्यांस दिसत नाही. पाहुणे एकमेकांकडे पाहत आणि खजूर खात. घरात खुर्शीदाबेगमांसही मियांनी काही उलगडून सांगितले नाही. मोहिमेचे गुपित फुटू नये, हा बहाणा, आणि खरे तर मोठेपणा मिरवावयाचा.

त्याचे फळ ईदेच्या आदले दिवशी मिळाले. रंग पिवळा येऊ लागला, विजय हाताशी, आणि मिया दुकानी गेले. ईदेआधी घर धुवावयाचा रिवाज; बेगमांनी पडदे धुतले, डबे घासले, आणि मग फिल्टरातला काळा स्पंज साबणाने चोळून, तीन पाण्यांतून काढून, वाळत घातला. एका महिन्याची फौज मोरीतून वाहून गेली. मियांनी टाहो फोडिला, "काऊन धुतला?"

"इतला घान स्पंज घरात ठिवून कोनी ईद करते काजी? तुमी सांगतलं असतं तं हातबी लावली नसती!"

मिया पायरीवर बसले आणि मोगऱ्याची कुंडी पाहत राहिले. रात्री संघपालभाऊंस फोनवर पराभवाचे वर्तमान कळविले.

ईदेचे दिवशी संघपालभाऊ शिरखुर्म्यास आले ते रेल्वेने स्टीलचा डबा मांडीवर घेऊन आले. सर्वांस वाटले मिठाई. बेगमांनी झाकण उघडले, तो आत भाऊंच्या टाकीतला जुना, शेवाळी, ओलागच्च स्पंज. "वैनी, हा धुवू नोका," इतकेच भाऊ बोलिले. ऐसी कुमक कोणा ईदेस कोणी आणली नसेल. भाऊंस शिरखुर्मा दुसऱ्या डब्यात दिला.

त्या स्पंजाचे आश्रये नवी फौज उभी राहिली, आणि मग दहा दिवसांत झिंग्याची रसद टाकली तरी दुसरे दिवशी अमोनियाचा रंग पिवळा आणि अमोनियातून उपजणारे दुसरे जहर नायट्राइट, त्याचा निळा येऊ लागला, म्हणजे दोन्ही जहरे नाहीशी. मग झिंगा काढून, अर्धे पाणी बदलून, आधी दोन गप्पी सोडिले, आठ दिवसांनी दोन, मग दोन. सायमा लांबूनच पाहत होती. माशांस नावे देत नव्हती. मेले तर दुःख नको, म्हणोन.

उन्हाळी सुट्टी लागली आणि ती बल्लारपुरास नानीकडे निघाली. दारातून फिरली आणि फर्मान काढिले, "अब्बा, मी जाऊन राह्यली. मासोळ्या तुमच्याजवळ ठेवून चालली. जास्त नोका खाऊ घालू." मियांनी डोळे पुसले आणि घामावर ढकलले.

पंधरा दिवसांनी सायमा परतली, ती चपला न काढता टाकीपाशी गेली, बोटाने मोजिले, सहा भरले. मग तिने बापाकडे पाहिले आणि एकेकाचे नाव ठेवावयास बसली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. स्पंज अद्याप काळा आहे. खाली बेगमांची सही घेतली आहे.