दौलतभाऊंचं बंद फाटक

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी दूध घेऊन येताना पाहिलं, तर शेजारचे दौलतभाऊ आपल्या घराच्या फाटकाशी हात जोडून उभे. एवढ्या वर्षांत या माणसानं मला कधी नमस्कार केला नव्हता. मी गहिवरलो. दुधाची पिशवी काखेत मारली, दोन्ही हात जोडले आणि चांगला कमरेत वाकलो.

"तुमाले नाई हो भाऊ," ते म्हणाले. "तिले केला."

फाटकाच्या कडीवर बोटभर लांब हिरवा किडा बसला होता. पुढचे दोन पाय छातीशी जोडलेले. पुस्तकात याला प्रार्थना-कीटक म्हणतात. आता वाकलोच आहे, तर म्हटलं हिलाही करून टाकू. तिनं मान वळवली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. किडा चावला तर सोसतं. मान वळवून बघतो हे सोसत नाही. मी बाजारातून वांगी आणली की आमच्या घरात माझ्याकडे असंच बघतात.

दौलतभाऊ रेल्वेत गेटमन होते. निवृत्त होऊन वडशाला आमच्या शेजारी राहायला आले, पण ड्युटी काही सुटली नाही. फाटकापाशी एक लाल आणि एक हिरवी झेंडी कायम खोचलेली. पाहुणा निघाला की हिरवी. गल्लीतून म्हशी येत असल्या की लाल. मग माझी स्कूटर जागच्या जागी थांबलीच पाहिजे. कुरकुर केली की एकच उत्तर, "फाटक लागलं म्हणजे लागलं!"

कुणाच्या घरात मात्र पाऊल टाकायचे नाहीत. बायको वारल्यापासून तर नाहीच. चहाला बोलवा, "ड्युटीवर आहो." जेवायला बोलवा, "ड्युटीवर आहो." मुलगी चंद्रपूरला दिलेली. तिच्याशीही फोनवर बोलणं म्हणजे गाडीची वेळ सांगितल्यासारखं.

त्या किड्याला ते 'बाई' म्हणू लागले. बाई कडीवरून हलेना. वारा नसला तरी पानासारखी डुलायची. माशी आली की जोडलेले हात झटक्यात सुटायचे, माशी गायब. मग मांजरीसारखं तोंड पुसून पुन्हा हात जोडून तयार.

"आमचा साळा असाच आहे," दौलतभाऊ कौतुकानं म्हणाले. "देवाचं भी करते, खाते भी."

मग एका सकाळी बाईनं कडी आणि गज यांच्यामध्ये साबणाच्या फेसासारखं काहीतरी थापलं. दुपारपर्यंत ते वाळून मातकट, टणक झालं. बाई निघून गेली. कडी सरकवली असती तर त्यातली अंडी चिरडली असती. दौलतभाऊंनी फाटकाला लाल झेंडी बांधली.

"आता कधी उघडणार?" मी विचारलं.

"लाइन क्लिअर झाली का उघडू. आत पोरं झोपून राह्यली भाऊ."

त्यांच्या घराला दुसरी वाट नाही. कुंपणातली एक फट आमच्या मागच्या अंगणात निघते. तिथून आमचं स्वयंपाकघर, मग बैठक, मग रस्ता. त्यामुळे त्यांचा गॅसचा सिलिंडर आमच्या बैठकीतून गेला. आमच्या भागातल्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम आला, तशी ती बघायला त्यांची मुलगी आणि जावई बॅगांसकट आमच्या शेगडीसमोरून गेले. चप्पल कुठे काढायची, हे जावयाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"हे घर आहे का रेल्वेचं फाटक?" माझी बायको कडाडली. "तुमी काऊन बोलत नाई त्याईले?"

मी बोलणार होतो. मी नेहमीच बोलणार असतो.

सुरुवातीला दौलतभाऊ चपला हातात घेऊन, मान खाली घालून सटकायचे. एकदा बायकोनं चहाचा कप आडवा धरला.

"वयनी, ड्युटीवर..."

"तुमची ड्युटी तुमच्या फाटकावर. हे माहं घर आहे. बसा."

बसले. मग रोजच बसू लागले. वालाच्या शेंगा सोलायला घेत. सोलता सोलता एकदा म्हणाले, "वयनी, फाटक खुलं असलं का माणूस भुर्रकन जाते, गेटमनकडे पाहत भी नाई. लागलं का थांबते. खाली उतरते. पाणी मांगते, पोरीच्या लग्नाचं सांगते. माहं सारं गणगोत बंद फाटकावरच झालं."

बायकोचं लाटणं जरा थांबलं. मग ती पोळी थोडी जास्तच मोठी झाली.

थंडी सरता सरता एका सकाळी ते आमच्या अंगणात, कढीपत्त्याजवळ, ओंजळ मिटून उभे दिसले. मला वाटलं, सूर्याला अर्घ्य देत असतील. आत येऊन म्हणाले, "वयनी, त्या झाडाले फवारा नका मारू बरं."

होळीनंतर ते मुलीकडे चंद्रपूरला गेले. अर्थात आमच्या बैठकीतून. मी चष्मा लावून फाटक तपासायला गेलो. अंड्यांचं ते घरटं रिकामं होतं. त्यातून बारीक सुकी सालं लोंबत होती, त्यांवरही धूळ चढलेली. पोरं कधीच पांगली होती! एवढा मोठा शोध मी आयुष्यात पहिल्यांदाच लावला होता. तसाच धावत अंगणात आलो.

"झालं! लाइन क्लिअर! आत्ताच कडी खरवडून तेल घालून ठेवतो. भाऊ येतील ते सरळ स्वतःच्या फाटकातून."

बायको फोडणीसाठी कढीपत्ता तोडत होती. एका फांदीवर मुंगळ्याएवढा हिरवा जीव हात जोडून बसला होता. ती फांदी सोडून तिनं शेजारची तोडली.

"थे अंडी महिन्याअगोदरच फुटली," ती म्हणाली. "त्याईनंच तर पोरं इथी आणून सोडली."

"म्हणजे त्यांना माहीत आहे?"

तिनं मान वळवली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"झेंडी लालच आहे ना अजून? मंग हात नका लावू. फाटक लागलं म्हणजे लागलं."