दाजींच्या हाताची ट्रायल

दाजी परब छत्री विकत घेतात तेव्हा दुकानदाराकडे बादलीभर पाणी मागतात. भर दुकानात छत्री उघडून खाली स्वतः उभे राहतात आणि वरून पाणी ओतायला लावतात. "ट्रायल घेतल्याशिवाय सही नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दाजी मिलमध्ये फिटर होते, मागांची दुरुस्ती करायचे. संपानंतर मिल गेली, माग भंगारात गेले, ट्रायल तेवढी राहिली. लालबागच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत दाजी एकटेच राहतात.

बाहत्तराव्या वर्षी हे गृहस्थ माझ्या पंख्याला तेल घालायला स्टुलावर चढले आणि पडले. उजवा हात खांद्याखाली मोडला. पंखा माझा, तेव्हा हॉस्पिटलच्या खेपाही माझ्याच.

डॉक्टरांनी एक्सरे दाखवला. "दोन पर्याय आहेत. हाडाला बाहेरून प्लेट लावून स्क्रू मारायचे, नाहीतर हाडाच्या आत रॉड घालायचा."

"म्हाताऱ्याचा हाड भुसभुशीत. भुसभुशीत लाकडात स्क्रू धरणा नाय. मगे?"

डॉक्टर सरसावून बसले. "बरोबर. प्लेटची तीच अडचण. रॉडला चीर लहान लागते, पण तो खांद्यातून आत जातो. तिथे दुखणं राहू शकतं."

"कशात हात जास्त वर जातलो?"

"तुमच्या वयात दोन्हींचा निकाल साधारण सारखाच. पुढचं सगळं व्यायामावर."

'सारखाच' हे उत्तर दाजींना आजवर चाललेलं नाही. संमतीच्या कागदावर सही न करताच ते उठले. "दोन दिवस द्या. ट्रायल घेतंय."

तळमजल्यावरच्या शेवंताबाईंच्या दंडात प्लेट होती, मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त कंडक्टरांच्या दंडात रॉड. गळ्यात हात अडकवून दाजी दोघांच्या घरी गेले. दोघांना भिंतीशी उभं करून हात वर करायला लावले आणि बोटांच्या टोकाशी मला खडूची रेघ मारायला सांगितलं. शेवंताबाई फळीवरच्या डब्यापर्यंत पोचल्या. कंडक्टरांची रेघ कानाशीच थांबली.

"व्यायाम करतास?" दाजींनी दरडावलं.

"कंटाळा येतो हो."

"मगे ही ट्रायल रद्द. ह्येच्यावरून रॉडाक दोष देऊचो नाय." आणि दाजींनी ती रेघ डाव्या हाताने पुसून टाकली.

परतताना मी वैतागलो होतो. माझी रजा संपत आली होती. "दाजी, कानापर्यंत हात गेला तरी जेवता येतं, अंघोळ होते. एवढा उंच कशाला हवा? आणि डावा आहेच की."

दाजी जिन्यात थांबले. "समोरच्या चाळीत वासू रवता."

वासू घाडी हे दाजींचे मिलमधले जोडीदार. संपात पोरांची उपासमार बघवेना, तेव्हा ते मधेच कामावर गेले. त्या दिवसापासून दाजींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"रोज सकाळी गॅलरीतसून मी हात वर करतंय, तो पण करता. म्हणजे दोघव जिते आसव. वाळत घातलेल्या कपड्यांच्या वर हात जाऊक होयो. सध्या मी गॅलरीत उभो रवणंय नाय, गावाक गेलो असा समजात. पण डावो हात दिसलो तर वासू घाबरान इचारूक येतलो. मगे बोलूक लागतला."

मला हसू आलं. पुन्हा मी रजेचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींनी निकाल दिला, "खांद्यातसून काय घालूचा नाय. प्लेट मारा." सही डाव्या हाताने करायची होती. तिचीही आधी कोऱ्या कागदावर ट्रायल झाली.

मग व्यायाम सुरू झाला. दाजींच्या खोलीत भिंतीवर रोज नवी रेघ. मधल्या भिंतीतून मला त्यांचं कण्हणं ऐकू यायचं आणि लगेच "अजून एकदा" असं स्वतःलाच दटावणंही.

सातव्या आठवड्यात एका सकाळी दाजी गॅलरीत उभे राहिले. दोरीवरचे कपडे मी आधीच काढून ठेवले होते. त्यांचा हात खांद्याच्या रेषेत आला आणि तिथेच थांबला.

समोर वासू घाडी रेलिंगला धरून उभे होते. त्यांनी झटकन हात डोक्याच्या वर नेला. मग दाजींकडे नीट बघितलं आणि तो हळूहळू खाली आणून खांद्याच्या रेषेत धरला.

बोलणं अजून बंदच आहे. पुढच्या आठवड्यात दाजींचा हात चार बोटं वर गेला. समोरचाही चार बोटंच.