पाठकोरे

विश्वनाथचं नशीबच असं, की चांगलं काम करायला जावं आणि वाटोळं व्हावं. धुळ्याहून सिल्वासाला येऊन त्याला बारा वर्षं झाली होती. तिथल्या आमली भागात एका रंगाच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता आणि आजवर त्याला कुणी नावं ठेवली नव्हती. ती वेळ आली नव्व्याण्णव साली, लेकीच्या अभ्यासापायी.

आठवीतल्या दुर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या अलकाबाईंनी तळ्याच्या परिसंस्थेवर टिपणं आणायला सांगितली होती, फायलीत नीट लावून. इंटरनेट तेव्हा नवं नवं, तेही फक्त मॅनेजर प्रकाशसाहेबांच्या केबिनमध्ये. विश्वनाथने आठ दिवस विनवण्या केल्या, तेव्हा कुठे साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत परवानगी दिली. चाळीस मिनिटांनी कॅनडातलं एक तळं उघडलं. आता कोरे कागद मागायचे कसे? पाठकोरा कागद फेकायचा नाही, हे त्याच्या बापाने मारून शिकवलेलं. कपाटावर तसा गठ्ठाच पडला होता. त्याच्या पाठीवर त्याने अख्खं तळं छापून घेतलं. इंग्रजी असलं म्हणून काय, दुर्गाने लाल शाईने मराठी मथळे दिले, भोकं पाडली, फाईल बांधली आणि सोमवारी शाळेत दिली.

मंगळवारी साहेबांनी गठ्ठा मागितला, तेव्हा कुठे विश्वनाथला तो कसला होता ते कळलं. कारखान्यामागच्या नाल्याच्या पाण्याची ती खरी नोंद होती, केमिस्टने रोज हाताने लिहिलेली. सरकारला दाखवायची टाईप केलेली होती, ती वेगळी. गुरुवारी तपासणी होती. कागद आले नाहीत तर नोकरीवर पाणी सोड, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं.

तो सायकल हाणत शाळेत गेला. बाई तर खूश होत्या.

"पुढची बाजू नेटवरची छापील आहे, तिला मी शून्य दिलं," अलकाबाई म्हणाल्या. "पण मागे तारीखवार लिहिलंय, पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे. त्याला दहापैकी दहा. पोरगी रोज नाल्यावर जात होती, आणि तुम्हाला पत्ता नाही?"

"बाई, तेवढी फाईल परत द्या," तो कसाबसा म्हणाला.

फाईल सकाळीच गेली होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांना ती इतकी आवडली, की वाचायला म्हणून ते घरी घेऊन गेले. पाहुणे म्हणजे गुरुवारचे तपासणी अधिकारीच.

विश्वनाथने साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेबांनी खिडकीतून नाल्याकडे बघितलं.

"किती मार्क मिळाले?"

"दहापैकी दहा, साहेब."

"आपल्या पाण्याला पैकीच्या पैकी. पहिल्यांदाच."

गुरुवारी अधिकारी आले. कारखान्याला महिनाभर कुलूप लागलं. केमिस्टला काढलं, विश्वनाथला स्टोअरमधून उचलून गेटवर बसवलं. साहेबांची मात्र बढती होऊन ते पुण्याला गेले. घरात कुणी धड जेवत नव्हतं. शोभा, त्याची बायको, भाकरी थापतानाही पदराने डोळे पुसायची.

अशातच एका संध्याकाळी दुर्गा भीत भीत जवळ आली.

"पप्पा, बाईंनी पुढचा विषय दिलाय. अन्नसाखळी. कोण कुणाला खातं ते लिहायचंय. नेटवर मिळेल का?"

विश्वनाथने गेटकीपरची टोपी खुंटीला अडकवली.

"नेट कशाला पोरी," तो म्हणाला, "वही आण. मी सांगतो."