नथ्थुजींची लाभापासूनची मोजणी

आमचे शेजारी नथ्थुजी मापारी यांनी जन्मात कधी 'एक' म्हटलं नाही. बाभुळगावच्या बाजारात ते जवारी मोजून द्यायचे, आणि मापाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणायचे. दुसरी पायली भरेपर्यंत 'लाभ रे लाभ, लाभ रे लाभ' चालू, मग 'दोन रे दोन'. बाजारात हे सगळेच करत. नथ्थुजी घरीही तसंच मोजत. शाळेत पोरीचं नाव घालायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे तिथल्या गुरुजींनी, पोरं किती म्हणून विचारलं. नथ्थुजी म्हणाले, "लाभ." वडिलांनी कपाळाला हात लावला आणि नाव लिहिलं, शांता. घरी तिला शांती म्हणत.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली आणि शाळा बंद झाली. घरोघरी आईबापांच्या अंगात वैद्य संचारले. कोणी पोरांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली, कोणी तीन गोधड्यांखाली पोर असं दडपलं की ताप नसला तरी घाम फुटावा. वडिलांनी मला खोलीत बसवून एकोणतीसचा पाढा दिला. पाढ्याजवळ रोग येत नाही, असं त्यांचं मत होतं. पाढ्याजवळ कोणीच येत नाही, हे मला ठाऊक होतं.

नथ्थुजींचं शास्त्र धंद्यातलं. "पडल्या जवारीले कीड लागते," ते म्हणायचे. "पोराईले हालवा." हे त्यांनी आमच्या ओळीतल्या सहाही घरी जाऊन, बाहेर उभं राहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या ओट्यावर उभे राहिले आणि बाजारात लावतात तसा आवाज लावला. मधल्या भिंती कमरेएवढ्या. ज्यानं त्यानं आपल्याच अंगणात राहून बैठका काढायच्या आणि मोजणार नथ्थुजी.

आधी बाप लोक हसले. मग त्यांना वाटलं, शेजाऱ्याचं पोर दणकट होईल आणि आपलं राहील. चार दिवसांत सहाही दारांत मफलर गुंडाळलेले बाप उभे राहून आपापल्या पोरांवर ओरडू लागले. पायातली चप्पल वाकून न काढणारे आमचे वडीलही मला म्हणाले, "पाठ ताठ ठेव." त्याआधी, माझ्यासारख्या मुलीच्या जातीनं बैठका कायले, यावर त्यांचं आईशी भांडण होऊन गेलं होतं.

ते भांडण आईनं एका वाक्यात मिटवलं होतं. तिनं सांगितलं, हे सगळं शांतीच्या पायासाठी चाललं आहे. शांती लहान असताना तापात तिचा डावा पाय लुळा झाला होता. पाय रोज चालता ठेवा, नाहीतर आखडून जाईल, असं यवतमाळच्या डॉक्टरनं बजावलं होतं. शाळेची वाट मैलभराची, तेवढ्यानं भागत होतं. आता वाट बंद. आणि अंगणात एकटीनं बैठका काढायची तिला लाज वाटायची, कारण भिंतीपलीकडून सगळे बघत. म्हणून नथ्थुजींनी बघणाऱ्यांनाच कामाला लावलं होतं.

तरी मोजणीवरून वडिलांची कुरकुर थांबेना. हा माणूस एकेका आकड्यावर अडून बसतो, म्हणायचे. खरंच होतं ते. 'चार रे चार' सुरू झालं की आम्ही उभेच्या उभे, आणि नथ्थुजींची नजर शांतीच्या गुडघ्यावर. ती खांब धरून वर आली की मगच 'पाच'.

पंधराएक दिवसांनी नथ्थुजींनाच तापानं धरलं. ओटा रिकामा. गोधड्या परत निघाल्या. शांती पाय पोटाशी घेऊन दारात बसून राहायची. दोन दिवस वडील येता-जाता ते बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, बाकीच्या पोरांना आपापल्या अंगणांत यायला सांगितलं, भिंतीशी उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "एक."

शाळेतली मोजणी ती, भराभर. आम्ही नवावर पोचलो तेव्हा शांती चारावर होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

नथ्थुजींच्या घरातून घोगरा आवाज आला. "गुरुजी, तशी नोका मोजू. माही पोरगी मागं राह्यते. तिची बैठक भरू द्या, मंग पुढचा आकडा."

 वडील शांतीला म्हणाले, "ऊठ बाई. पहिल्यापासून."

आणि 'एक' न म्हणणाऱ्या पोरांच्या हातावर छडी मारणारे माझे वडील भर अंगणात 'लाभ रे लाभ' म्हणू लागले. शांतीचा गुडघा थरथरला, तिनं खांब धरला, आणि ती पुरती उभी होईपर्यंत ते म्हणतच राहिले. मला रडू येत होतं आणि वडिलांचा अभिमानही वाटत होता.

सात झाले तेव्हा नथ्थुजींचा आतला खोकला थांबला होता. दहाव्याला घोरणं ऐकू आलं. शांतीच्या आईनं नंतर सांगितलं, तापात तीन दिवस नथ्थुजींचा डोळा लागला नव्हता. पडल्या पडल्या आकडे म्हणत होते.