कोरेवाडीची श्वान-शांतता योजना

सणासुदीला कुत्र्याचं मन शांत राहिल्याशिवाय गावाचा विकास पूर्ण झाला असं म्हणता येत नाही. मिरजगावच्या पलीकडच्या कोरेवाडीने हे तत्त्व १९७० सालच्या दिवाळीआधी एकमताने मान्य केलं. (सभेला तिघेच होते आणि त्यांतला एक झोपला होता, त्यामुळे एकमताला फारशी अडचण आली नाही.)

तत्त्वाची सुरुवात मात्र रंगुबाईपासून झाली. रंगुबाई ही वेशीजवळ एकटी राहणारी म्हातारी आणि तांबी ही तिची कुत्री. आदल्या दिवाळीत सुतळी बॉम्बच्या आवाजाने तांबी जी पळाली ती नऊ दिवसांनी परतली. तोवर कणगीमागची तिची चारही पिल्लं उपाशी मेली होती. यंदा पुन्हा पाच पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. म्हणून रंगुबाई ग्रामसेवक गोरक्षनाथाकडे आली.

"भाऊसाहेब, त्या पाव्हन्यांना येवडंच सांगा, बार वढ्याच्या पल्याड उडवा म्हनावं. लई न्हाई मागत."

मागणी साधी होती आणि सगळी पंचाईत तिथंच होती. पाहुणे म्हणजे सरपंच सूर्यभानरावांचे जावई राधाकृष्ण. ते नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि दर दिवाळीला सासुरवाडीस येत. सरपंच त्यांच्यासाठी नगरहून फटाक्यांची अख्खी पेटी आणून ठेवत. सरपंचांचा जावई तो गावाचा जावई, आणि दिवाळीला आलेल्या जावयाला 'असं करू नका' म्हणायची कोरेवाडीत रीत नव्हती. त्याने नको म्हटलं तरी ताटात पाचवा लाडू पडतोच. त्याने बार उडवले तर सगळ्यांनी कान झाकून कौतुकाने हसायचं असतं.

गोरक्षनाथ भला माणूस होता. पिल्लांची हकिगत ऐकून त्याच्या पोटात तुटलं. (पोटात तुटणं वेगळं आणि सरपंचांच्या ओसरीवर जाऊन बोलणं वेगळं.) तेव्हा भल्या माणसाने सरकारी नोकरीत जे करावं ते त्याने केलं. त्याने समिती नेमली. सरपंच दिवाळीच्या गडबडीत होते, म्हणून अध्यक्षपद छगन वाण्याकडे गेलं.

समितीने आठ दिवसांत पाहणी पूर्ण केली. गावात कुत्री एकेचाळीस. पैकी भित्री अडतीस, बहिरी दोन, आणि एकाचा स्वभाव कळू शकला नाही, कारण पाहणी चालू असताना तो पाहणी करणाऱ्याला चावला. कुत्र्यांच्या कानांत कापूस घालण्याचा प्रयोग झाला; प्रयोगातल्या कुत्र्याने कापूस खाल्ला. गुळातून थोडी भांग द्यावी असं सभासद बन्सीने सुचवलं होतं. मात्रा ठरवण्यासाठी ती त्याने आधी स्वतः घेतली आणि पुढच्या दोन सभांना तो आला नाही. रंगुबाईची मागणीही वाचून दाखवण्यात आली. ती विषयाला सोडून आहे, असा शेरा छगन वाण्याने मारला.

मग समितीने मुळातून विचार केला. आवाज आणि कुत्रं एका जागी आलं की त्रास होतो. आवाज हलवता येत नाही, कारण तो जावयांचा आहे. म्हणून कुत्री हलवावीत.

धनत्रयोदशीला एकेचाळीस कुत्री ट्रॉलीत भरून चार मैलांवरच्या पाझर तलावाकडे रवाना झाली. तिथं जुन्या कामावरची पत्र्याची शेड रिकामी होती. ट्रॅक्टर सरपंचांनीच दिला; मुक्या जनावरांसाठी ते कधी मागे हटत नसत. (चढवताना अकरा जणांना चावे बसले. अहवालात ते 'किरकोळ सहकार्य' म्हणून नोंदले आहेत.) तांबीला एकटी सोडायला रंगुबाई तयार होईना. पाचही पिल्लं ओच्यात घेऊन तीही ट्रॉलीत बसली.

चार दिवसांनी सगळी मंडळी परत आली. पाचही पिल्लं जगली आणि योजना यशस्वी ठरली. म्हातारीच्या दारात मात्र त्या दिवाळीत पणती लागली नाही. गोरक्षनाथाला त्याचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. अहवालात त्याने ते लिहिलं नाही.

यशाचा बोभाटा झाला. पुढच्या वर्षी ट्रॉलीत जागेसाठी अर्ज आले. सात दमेकरी, छातीत धडधडणारे दोघे, चार बाळंतिणी. त्यांतली एक खुद्द गोरक्षनाथाची बायको पुष्पावती, बारा दिवसांच्या तान्ह्या मुलीसह. नंतर ज्यांना काहीच झालेलं नव्हतं तेही आले. तलावावर शांत वाटतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ट्रॉलीच्या पाच खेपा झाल्या. लक्ष्मीपूजनाला गावात सरपंचांचं घर आणि सरकारतर्फे गोरक्षनाथ, एवढेच उरले.

दिवेलागणीआधी तो सायकल काढून मुलीला बघायला तलावावर गेला, तर शेडमध्ये कुत्र्यांच्या मधोमध जावई बसलेले. फिरून येतो सांगून ते घरातून निसटले होते. कानांत बोटं, बोटांवर उपरणं.

"मला ल्हानपनापास्नं धास्ती हाय आवाजाची," जावई म्हणाले. "पन मामा येवडी पेटी आनत्यात. न्हाई म्हनलं तर त्येंना काय वाटंल?"

त्याच दिवशी सकाळी, डोक्याला मफलर घट्ट आवळून, सरपंच गोरक्षनाथाला म्हणाले होते की बार वाजला की आपलं तर काळीज हालतं, पण पाहुण्यांची हौस आहे, आणू नये तर रुसतील. हे त्याने शेडमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. एकशे बारा माणसांनी ते ऐकलं.

"मंग सांगा की कुनीतरी सरपंचांना," रंगुबाई म्हणाली. "आजच्या आज घरी जाऊ. दिवा तरी लावते दारात."

दमेकऱ्यांनी छगन वाण्याकडे पाहिलं. छगन वाण्याने बन्सीकडे. बन्सीने तांबीकडे पाहिलं, आणि तांबीने, तिचं इतकं काही अडलेलं नसल्यामुळे, जांभई दिली. एवढ्यात जावयांना आठवलं की अंधार पडला तरी बार वाजला नाही तर मामा काळजी करतील. गोरक्षनाथ भला माणूस होता. तो तसाच सायकलवर बसून गावात आला आणि जावयांच्या वतीने सगळी पेटी त्याने एकट्याने उडवली. ओसरीवर सरपंच कान झाकून कौतुकाने हसत होते.

त्या दिवसाच्या अहवालाच्या तळाशी गोरक्षनाथाने एक ओळ आखून ठेवली आहे : 'सरपंचांना जाऊन सांगणाऱ्याचे नाव'. पुढची जागा अजून कोरी आहे. एवढं सांगायला काय अवघड होतं, असं इथवर वाचताना आपल्याला वाटलंच असेल. तेव्हा तिथं आपलं नाव घालायचं, की ट्रॉलीत जागा धरायची, तेवढं कळवावं.